शिसं उतरवण्याचे एकोणीस दिवस

५ फेब्रुवारी, सकाळी ७

ही म्हणते, मी हल्ली विसरायला लागलोय. मी विसरत नाही. एकतीस वर्षं गाड्यांचे रेडिएटर दुरुस्त करणाऱ्या माणसाच्या डोक्यात माल जास्त असतो, त्यातला काही तळाशी जातो, एवढंच. तरी पुरावा असलेला बरा, म्हणून आजपासून रोजनिशी. रोज सकाळी सातला एक पान. खाडा नाही.

हिच्या बाकीच्या तक्रारीही इथेच निकालात काढतो. मी चिडतो म्हणे. मी चिडत नाही. लोक चुकतात आणि मी ते मोठ्या आवाजात दाखवून देतो. पोटात कळ येते हे खरं, पण ती हिच्या हाताला तिखट जास्त असल्यामुळे. हे हिला सांगितलेलं नाही. तोंडाला धातूची चव येते. दिवसभर धातूत काम करणाऱ्याच्या तोंडाला दुसरी कसली येणार?

९ फेब्रुवारी

मधले तीन दिवस लिहायचं राहिलं. विसरलो नव्हतो. वही कुठे ठेवली ते आठवत नव्हतं.

मोठी बातमी. गेल्या महिन्यात आमच्या गॅरेजच्या गल्लीत तपासणीवाले आले होते, कुणाच्या रक्तात शिसं किती आहे ते बघायला. सुई बघून निम्म्या गल्लीने शटरं ओढली. माझा मेहुणा, म्हणजे हिचा धाकटा भाऊ आणि दुकानातला माझा पार्टनर, मागच्या दाराने पसार. मी बाही वर करून पहिला बसलो. आज रिपोर्ट आले. पत्रेवाल्याला बावीस. बॅटरीवाल्याला एकोणपन्नास, आणि तो स्वतःला या गल्लीतला सगळ्यात जुना कारागीर समजतो. मला एकाहत्तर.

पहिला नंबर. माझ्यात आणि बॅटरीवाल्यात एवढं अंतर की मध्ये अख्खा पत्रेवाला बसेल.

रिपोर्टच्या खाली बारीक अक्षरात ‘पाचपेक्षा कमी असावे’ असं छापलंय. ते बहुतेक ऑफिसात बसणाऱ्यांसाठी.

१० फेब्रुवारी

हॉस्पिटलातून बोलावणं आलं. डॉक्टरीणबाई वयाने माझ्या लेकीएवढ्या. काम काय करता विचारलं. मी व्यवस्थित समजावून सांगितलं, की रेडिएटर म्हणजे इंजिन थंड ठेवणारी पितळेची जाळी, ती गळायला लागली की शिशाची कांडी बत्तीने वितळवून डाख मारायचा, आणि असा डाख मारणारा माणूस आता शोधून सापडत नाही. पंधरा मिनिटं बोललो. बाई लिहून घेत होत्या. दोन्ही हात कामात असले की कांडी मी दातात धरतो, हेही सांगितलं. तेव्हा त्यांचं पेन थांबलं. कौतुक वाटलं असणार.

मग दोन्ही हात पुढे करून पंजे वर उचलायला सांगितले. डावा झकास. उजवा जरा लोंबतो. कारागिराचं मनगट सैल असतं असं मी म्हटलं. बाईंनी तेही लिहून घेतलं.

एकूण असं की हे शिसं काढून टाकायचं. त्याला चिलेशन म्हणतात. औषध रक्तात जाऊन शिशाला खेकड्याच्या नांगीसारखं पकडतं आणि लघवीवाटे बाहेर नेऊन सोडतं. कॅप्सूल एकोणीस दिवस. तेवढे दिवस दुकानात पाऊल टाकायचं नाही. दुकानाचे कपडे घरी आणायचे नाहीत. औषध चालू असताना एकदा चोवीस तासांची लघवी कॅनमध्ये साठवून आणून द्यायची. घरच्यांचंही रक्त तपासून घ्या म्हणाल्या. मी म्हटलं, घरचे कुणी दुकानात येतच नाहीत, त्यांना उगाच कशाला टोचायचं?

बाकी सगळं कबूल केलं. एकोणीस दिवस म्हणजे काय मोठं. सासुरवाडीला यापेक्षा जास्त राहिलोय.

११ फेब्रुवारी

दुकान मेहुण्याच्या ताब्यात दिलं. चांगला आहे, पण त्याचा डाख म्हणजे पोराने फासलेला डिंक. त्याला म्हटलं, एकोणीस दिवस फक्त पाणी बदल, रेडिएटरच्या टोप्या बदल, मोठं काम हातात घेऊ नकोस. तो म्हणाला, दाजी, तुम्ही निवांत राहा. हा ‘निवांत’ शब्द त्याने फारच खुशीत उच्चारला.

सुट्टीचा प्लॅन: सकाळी व्यायाम. मग घरातली तुंबलेली कामं. दुपारी पुस्तक लिहिणे. नाव ठरलंय: ‘डाखकाम: शास्त्र आणि कला’. रोज दहा पानं धरली तरी एकशे नव्वद. चित्रं वेगळी.

१२ फेब्रुवारी

औषध सुरू. सकाळी, दुपारी, संध्याकाळी.

बाटलीचं झाकण उघडलं आणि ही खिडक्या उघडत सुटली. कुजक्या अंड्यांचा वास. गिळल्यावर तो ढेकरातून परत येतो. संध्याकाळी लेक बँकेतून चिंगीला न्यायला आली. चिंगी माझी नात, पावणेदोन वर्षांची, दिवसभर आमच्याकडे असते. लेकीने दारातूनच ओरडून गॅस बंद करायला सांगितला. गॅस बंदच होता. मी ढेकर दिला होता.

चिंगीने मात्र काही मनावर घेतलं नाही. रोज दुपारी मी जेवायला घरी आलो की दारातच माझ्या अंगावर चढते, शर्टाच्या खिशाचं झाकण तोंडात धरून बसते. आज मी दिवसभर घरी, म्हणजे तिची चैन.

१३ फेब्रुवारी

व्यायाम: उद्यापासून. पुस्तक: नाव सुवाच्य अक्षरात लिहून काढलं. स्वयंपाकघरातला नळ थेंब थेंब गळायचा, तो दुरुस्त केला. आता सलग गळतो. उजव्या हाताची पकड आज जरा कमी आहे. हवामान.

प्लंबर येऊन गेला. त्याची पद्धत चुकीची आहे. नळ गळायचा थांबला, हा योगायोग.

१५ फेब्रुवारी

मेहुण्याला अकरा फोन. पहिल्या चार वेळा तो बोलला. मग दुकानाशेजारच्या टायरवाल्याला फोन केला आणि आमच्या दारात काय चाललंय ते बघून सांगायला लावलं. तिसऱ्या वेळी टायरवाल्यानेही उचलला नाही. गल्लीत माणुसकी राहिलेली नाही.

१६ फेब्रुवारी

नीट विचार केला. बाईंनी दुकानात काम करायला बंदी घातलीय. पाऊल टाकायचं नाही असं त्या म्हणाल्या हे खरं, पण बोलण्याची ती एक पद्धत असते. बघणं हे काम नव्हे.

हिला म्हटलं, फिरून येतो. ही खूश झाली. म्हणाली, इतकी वर्षं मागे लागले तेव्हा उठला नाहीत, आता औषधाने का होईना पाय मोकळे करताय.

दुकानात फक्त स्टुलावर बसलो. मेहुणा एका जीपचा रेडिएटर डाखत होता. म्हणजे डाखत नव्हता, छळत होता. शेवटी दोन मिनिटं बत्ती हातात घेतली. कांडी दातात गेली ती सवयीने, मी घातली नाही. लक्षात आल्याबरोबर काढली. म्हणजे काम झाल्यावर.

कपडे घरचेच होते, त्यामुळे दुकानाचे कपडे घरी आणायचे नाहीत हा नियम मोडलेला नाही.

१९ फेब्रुवारी

रोज चार तास फिरतो. ही सगळ्यांना कौतुकाने सांगते. जावयाने मला चालण्याचे बूट आणून दिले. बूट चांगले आहेत. स्टुलावर बसताना जरा जड होतात.

तब्येत सुधारतेय. खेकडे जोरात कामाला लागलेत हे आतून कळतं. पोटातली कळ कालपासून जास्त आहे, ती शिसं सुटत असल्याची खूण. वेतनावर ठेवलेल्या माणसांनी इतकं मन लावून काम केल्याचं मी पाहिलेलं नाही.

२२ फेब्रुवारी, सकाळी ७

आज लघवीचा दिवस. सात ते सात. पाच लिटरचा पांढरा कॅन दिलाय, गार ठेवायचा. फ्रिजमध्ये ठेवतो म्हटल्यावर ही फ्रिजच्या दाराला पाठ लावून उभी राहिली. मी म्हटलं, डॉक्टरांची ऑर्डर आहे. ही म्हणाली, डॉक्टरांच्या फ्रिजमध्ये ठेवा. शेवटी जुनी थर्माकोलची पेटी, त्यात बर्फ.

बाईंनी बजावलंय की एक थेंबही वाया जाता कामा नये, म्हणून आज दिवसभर घरीच. पक्कं.

सकाळी १०.३०

मेहुण्याचा फोन. एक जुना ट्रक आलाय, पितळेचा जंगी रेडिएटर, सात ठिकाणी गळतोय. ट्रकवाला म्हणतो, तुमचे मालक नसतील तर मी पुढच्या गावी जातो. पुढच्या गावी कुणाला येतं हे काम?

पेटीसकट निघालो. हिला सांगितलं, आज पार्कात फिरतो, तिथे सोय आहे.

दुपारी ४

फार वाईट गोष्ट झाली.

सात डाख मारले, एकेक बघत राहावा असा. मध्ये दोनदा मोरीत जाऊन कॅनमध्ये भर घातली. पेटीतला बर्फ वितळल्यामुळे कॅन मागच्या फळीवर, सावलीत ठेवला. त्याच फळीवर कुलंटचे कॅन असतात. कुलंट म्हणजे रेडिएटरमध्ये पाण्याबरोबर ओततात ते औषध. मी हात धुऊन आलो तेव्हा मेहुणा ट्रकच्या बॉनेटवर चढून माझा कॅन उपडा करत होता.

मी ओरडलो. तो म्हणाला, काय झालं दाजी, पिवळा कुलंट पण चांगला असतो.

तोपर्यंत ट्रकवाल्याने इंजिन सुरू केलं होतं. गळती तपासायला दहा मिनिटं चालवावं लागतं. एकही डाख गळला नाही. ट्रकवाला नाकाला रुमाल लावून म्हणाला, काम नंबर एक आहे, पण हा वास कसला?

संध्याकाळी ६

डोकं शांत ठेवलं. लघवी वाया गेलेली नाही, फक्त जागा बदललीय. ट्रकवाल्याला सांगितलं, कुलंट चुकीचा पडला, बदलून देतो. रेडिएटरच्या खालची तोटी उघडली आणि जे आलं ते कॅनमध्ये धरलं. आधी सव्वा लिटर होतं, आता साडेचार भरलं. रंग थोडा गडद. कोमट आहे. त्यात तरंगणारं जे काही होतं ते हिच्या जुन्या गाळणीतून गाळून घेतलं. गाळणी टाकून दिली.

बाईंनी भरपूर पाणी प्यायला सांगितलंय, त्यामुळे साडेचार लिटर संशयास्पद वाटणार नाही.

मेहुण्याला शपथ घातली. तो हसत होता. त्याला म्हटलं, यात हसण्यासारखं काही नाही. तो ट्रकमागे जाऊन हसला.

२३ फेब्रुवारी

कॅन दिला, रक्तही दिलं. लॅबवाल्याने कॅन उचलला आणि माझ्याकडे आदराने बघितलं. काका, एका दिवसात? मी म्हटलं, फिरायला जातो ना रोज.

२६ फेब्रुवारी

बाईंचा फोन, ताबडतोब या आणि काकूंना घेऊन या. माझी केस साधी नाही हे मला पहिल्यापासून माहीत होतं. इस्त्रीचा शर्ट घातला.

बाईंनी रिपोर्ट समोर ठेवला. लघवीत शिसं एवढं, की मशीनला आकडा दाखवता आला नाही. शिवाय तांबं. जस्त. गंज. आणि जो पदार्थ कुठल्याही माणसाच्या अंगात तयार होत नाही, तो कुलंट. लॅबवाल्याने फोन करून पेशंट जिवंत आहे का विचारलं होतं. बाई म्हणाल्या, या कागदाप्रमाणे तुम्ही माणूस नसून रेडिएटर आहात.

मी म्हटलं, पार्कातल्या नळाला काहीतरी असेल.

ही म्हणाली, कुठल्या पार्कात?

सांगावं लागलं. ट्रक, फळी, तोटी, सगळं. गाळणीचं नसतं सांगितलं तरी चाललं असतं, पण ओघात निघून गेलं. बाई आधी हसल्या, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. मग त्यांनी रक्ताचा कागद काढला आणि त्यांचं हसू गेलं. शहात्तर. औषध घेऊन पाच वाढलं. म्हणाल्या, औषध एका दाराने बाहेर काढतंय आणि तुम्ही दुसऱ्या दाराने पोती आत आणताय, आणि औषध पोटात असताना बाहेरचं शिसं आणखी सहज आत जाऊ शकतं. असंच चाललं तर मनगट कायमचं जाईल. मनगटावर थांबलं तर नशीब.

मग हिच्याकडे वळून विचारलं, यांचे दुकानाचे कपडे कोण धुतं?

ही म्हणाली, मी.

आणि घरात कोण कोण असतं?

हिने चिंगीचं नाव घेतलं आणि माझ्याकडे बघितलं. बाईंनी सगळ्यांचं रक्त आणायला सांगितलं.

२७ फेब्रुवारी

ही कालपासून बोलत नाही. आज सकाळी पर्स घेऊन एकटीच बाहेर गेली, ती सरळ दुकानात. टायरवाल्याने फोन करून सांगितलं. बत्तीची नळी काढून घेतली, शिशाच्या कांड्या डब्यात भरून डब्याला कुलूप लावलं आणि स्वतःच्या भावाला, सुईच्या भीतीने मागच्या दाराने पळणाऱ्या त्या माणसाला, दंडाला धरून हॉस्पिटलात नेलं. दुकानाच्या दोन्ही किल्ल्या आता हिच्याकडे.

दुपारी चिंगीला घेऊन लेक आणि मी लॅबमध्ये गेलो. चिंगीला वाटलं आपण फिरायला आलोय. सुई टोचल्यावर ती रडली आणि माझ्याकडे दोन्ही हात केले. लेकीकडे नाही, माझ्याकडे.

अंगातला शर्ट नवा कोरा होता. तरी मी तिला घेतलं नाही. लेकीने घेतलं.

१ मार्च

मेहुणा अठ्ठावन्न. लेक सहा. ही चौदा. चिंगी एकोणीस.

मशीन बिघडलंय का असं मी बाईंना विचारलं. त्या रागावल्या नाहीत. म्हणाल्या, मशीन ठीक आहे.

चिंगीला कॅप्सूल नाहीत. एवढ्या आकड्याला लहान मुलांना ते औषध देत नाहीत. घरात शिसं येणं बंद करायचं, तेच तिचं औषध. दूध, लोहाचे थेंब, आणि दीड महिन्याने परत रक्त. आकडा उतरेल म्हणाल्या. एवढ्याने तिचं काही नुकसान झालं असेल का, असं लेकीने विचारलं. बाई म्हणाल्या, आज ते कुणी सांगू शकणार नाही, पण आपण वेळेत पकडलंय.

येताना रिक्षात लेक माझ्या शेजारी बसली होती. मला लेकीला सांगायचं होतं की मी मुद्दाम केलं नाही. मग वाटलं, मुद्दाम केलंय असं तिने कुठे म्हटलंय?

आज एवढंच.

२ मार्च

घर धुवायचं. झाडू मारायचा नाही, त्याने धूळ उडते. सगळं ओल्या फडक्याने पुसायचं. मी कोपऱ्यात उभा राहून हिला पद्धत समजावून सांगितली. हिने ऐकून घेतलं आणि बादली माझ्यासमोर ठेवली. चार दिवसांनी पहिल्यांदा बोलली. म्हणाली, तुम्हीच पुसा.

पुसलं. पण फडकं पिळता येईना. डाव्या हाताने धरलं आणि उजव्याने पीळ द्यायला गेलो की पंजा खाली जातो. तीनदा केलं. हवामान नाही.

ही जवळ येऊन बसली. तिने पिळायचं, मी पुसायचं, असं दुपारी तीनपर्यंत. मी दुपारी ज्या खुर्चीत बसायचो, ती आणि चिंगी लोळायची ती सतरंजी बाहेर गेली. दुकानाचे चार शर्ट, दोन पँट पिशवीत बांधून गाठ मारली. कपाटामागे भिंतीला हात फिरवला तर बोटाला राखाडी पूड. एकतीस वर्षं मी घरी येताना रिकाम्या हाताने आलो असं समजत होतो.

१२ मार्च

औषध परत पहिल्यापासून. एकोणीस दिवस. या वेळी मेहुणाही. संध्याकाळी तो आमच्याकडे आला की दोघांचे ढेकर. ही दोन्ही खिडक्या उघडून गॅलरीत जाऊन बसते.

दुकानाचं ठरलं. डाखकाम बंद. हल्लीच्या गाड्यांना ॲल्युमिनियमचे रेडिएटर असतात, गळले की काढून फेकायचे आणि नवा बसवायचा. तेवढंच करायचं. हा निर्णय मी घेतला. ही माझ्याशी चर्चा करत होती तेव्हा तिने पाटीवाल्याला आधीच फोन केलेला होता, ते वेगळं.

मेहुणा म्हणाला, दाजी, नवा बसवायला काय, स्क्रू तर पिळायचे. मला राग आला नाही. हे लिहून ठेवतो.

३१ मार्च

एकोणचाळीस.

शहात्तरवरून एकोणचाळीस. बाईंना म्हटलं, बरा झालो. असाच वेग धरला तर अजून एकोणीस दिवसांत शून्य आणि पुढे शिल्लक. बाई म्हणाल्या, थांबा जरा. रक्तातलं गेलंय, हाडातलं तसंच आहे. ते हळूहळू रक्तात येत राहील, वर्षानुवर्षं. आकडा परत चढेल, घाबरू नका, आपण लक्ष ठेवू.

त्या तरुण आहेत. माझी हाडं त्यांना माहीत नाहीत.

२१ एप्रिल

बावन्न. तीन आठवडे दुकानाच्या रस्त्यालाही गेलो नाही. ही साक्षीदार आहे. तरी तेरा चढलं.

चिंगी बारा. लेकीने लॅबच्या दारातूनच फोन केला. दोनदा विचारून घेतलं, बारा की बावीस. बारा. हिने सगळ्यांना सांगितलं. माझं बावन्न कुणीच विचारलं नाही, आणि मीही पहिल्यांदाच आपणहून सांगितलं नाही.

मनगट थोडं वर येतं आता. चहाचा कप उजव्या हाताने. अर्धा भरलेला.

२५ एप्रिल

बाईंचा फोन. गॅरेजच्या गल्लीत परत तपासणीचा कॅम्प. मागच्या वेळी निम्मे पळाले, तर तुम्ही या वेळी चार शब्द बोला, तुमचं ऐकतील.

चार शब्दांत काय होतंय? विषय मोठा आहे. अर्धा तास तरी हवा. सुरुवात धातूंपासून करावी, मग डाखकामाचं शास्त्र, मग चिलेशन, खेकडा, हाडं, आणि शेवटी माझे अनुभव. ट्रकचा भाग वगळून. उजव्या हाताने लिहितोय, त्यामुळे पानं जरा मोठ्या अक्षरात. चौदा झाली. हिला वाचून दाखवू का विचारलं. हिला काम होतं.

३ मे, संध्याकाळी

कॅम्प झाला. टायरवाल्याच्या दुकानासमोर खुर्च्या, टेबलं, माइक. पत्रेवाला, बॅटरीवाला, सगळे होते. सुईवाल्या पोरी बाजूला बसलेल्या. मागे बरेच जण शटरला हात लावून उभे, निघायच्या तयारीत.

माइक हातात घेतला. चौदा पानं समोर धरली. पहिल्या पानावर धातूंचं होतं. ते वाचायला तोंड उघडलं आणि वाचवेना. लोक थांबले होते. मी म्हटलं, माझं शहात्तर आलं होतं. मागे कुणीतरी शिट्टी वाजवली. मी म्हटलं, माझे कपडे धुणारीचं चौदा. मग म्हटलं, माझी नात दोन वर्षांची आहे, ती कधी या गल्लीत आलेली नाही. तिचं एकोणीस.

पुढचं वाक्य होतं, पण ते आलं नाही. खाली बसलो. लोकांना वाटलं संपलं. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. बॅटरीवाला उठला आणि बाही वर करत टेबलापाशी गेला. त्याच्यामागे टायरवाला. मग मागचे शटरवाले. त्रेचाळीस जणांनी रक्त दिलं. काहींनी घरच्यांना कधी आणू ते विचारलं.

मी खुर्च्या गोळा करायला थांबलो. डाव्या हाताने चार, उजव्या हाताने एक.

घरी आलो तर ही पाय धुऊन नुकतीच बसली होती. भाषण कसं झालं विचारलं. चांगलं झालं म्हटलं. किती वेळ बोललात? अर्धा तास, म्हटलं, लोक उठायला तयार नव्हते.

हिने मान डोलावली आणि मला पाणी आणून दिलं. थोड्या वेळाने मेहुणा आला आणि तिला म्हणाला, ताई, तू दुसऱ्या रांगेत बसली होतीस, मी तुला मागून हाका मारत होतो.